गलबतावरचे गोडे पाणी आणि स्वस्त फिल्टर

कोकणच्या बंदरातून मोठा ट्रॉलर लांबच्या मासेमारीला निघतो तेव्हा डिझेल आणि बर्फाबरोबर गोडे पाणीही भरून घेतो. आठ माणसे, दहा दिवसांची फेरी आणि माणशी रोज चार लिटर असा हिशेब धरला, तर नुसत्या पिण्यालाच 320 लिटर पाणी लागते. स्वयंपाकाचे वेगळे. हे पाणी डेकखालच्या टाकीत किंवा उन्हातल्या प्लास्टिकच्या पिंपांत दिवसचे दिवस हिंदकळत राहते. त्यामुळे बाजारातला दोन-चार हजारांचा फिल्टर बोटीवर बसवावा का, हा प्रश्न तांडेलाला पडतोच. उत्तर एकाच गोष्टीवर ठरते: पाण्यातून मीठ काढायचे आहे, की जंतू?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. सिरॅमिक कँडलचा फिल्टर, अतिनील दिवा आणि क्लोरीन यांतले काहीही या मिठाला हात लावत नाही. राहतो घरगुती आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारे यंत्र. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी पडद्यापार ढकलायचे तर आधी सुमारे 27 बारच्या परासरणी दाबावर मात करावी लागते. एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब. समुद्रासाठी बनवलेली यंत्रे प्रत्यक्षात 55 ते 60 बारवर चालतात, तर घरगुती आरओचा पंप पाच-सात बारच्या पुढे जात नाही. समुद्राचे पाणी त्यात सोडले तर गोड पाण्याचा थेंबही मिळत नाही. पडद्यापलीकडे आधीचे गोडे पाणी असेल, तर तेच खाऱ्या बाजूला ओढले जाते. ‘थोडे तरी गोड होईल’ ही आशा इथे फोल आहे.

बंदरावर भरून घेतलेले पाणीच मचूळ असेल, तर मात्र आरओला काम आहे. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात खारावतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 2000 मिलिग्रॅम आहे. घरगुती आरओ साधारण याच टप्प्यासाठी बनवलेला असतो. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे तो दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. घरी ते फरशी पुसायला जाते. बोटीवर मात्र मोजून भरलेल्या टाकीतले पाणी असे सोडणे परवडत नाही. अशा पाण्यावर आरओ चालवायचा तो धक्क्यावर, टाकी भरण्याआधी.

बहुतेक बोटींची खरी अडचण जंतूंची असते, आणि तिथे सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत चांगला ठरतो. स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि अर्धा ते एक तासाचा अवकाश, एवढे सहसा पुरते. क्लोरीनचा अंश पाण्यात टिकतो, म्हणून नंतर कोणी पिंपात हात बुडवला तरी थोडे संरक्षण उरते. दमट खाऱ्या हवेत उघडी पावडर मात्र लवकर निकामी होते. क्लोरीनच्या गोळ्या त्यापेक्षा टिकाऊ. वास नको असेल तर नळाला कार्बनचा फिल्टर लावावा, पण तो टाकीच्या आधी नव्हे, पिण्याच्या नळालाच. कार्बन क्लोरीन शोषून घेतो आणि पुढचे पाणी उघडे पडते.

अतिनील दिवा गढूळ पाण्यात दुबळा पडतो, आणि गंजक्या टाकीचे पाणी गढूळच असते. शिवाय दिव्याखालून गेलेल्या पाण्याला पुढे कसलेच संरक्षण नसते. कँडलच्या फिल्टरला किंवा भाताच्या तुसाच्या राखेवर चालणाऱ्या ‘टाटा स्वच्छ’सारख्या उपकरणाला वीज लागत नाही, ही मोठी सोय. मात्र ही भांडी स्थिर ओट्यासाठी बनलेली आहेत. बोट डोलू लागली की वरच्या भांड्यातले न गाळलेले पाणी खाली सांडू शकते, आणि कँडलला गेलेली बारीक चीर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विजेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. घरगुती आरओचे अनेक पंप मुळात 24 व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्याच विजेवर चालतात. भिंतीवरचा ॲडॅप्टर फक्त वीज बदलून देतो. खारी हवा मात्र ॲडॅप्टर, व्हॉल्व्ह आणि जोडण्या भराभर खाते.

समुद्राचेच पाणी गोड करायचे असेल तर त्यासाठीचे यंत्र घ्यावे लागते, आणि ते स्वस्त नसते. जीवरक्षक तराफ्यांसाठीचा ‘सर्व्हायव्हर 06’ हा हातपंप तासाभराच्या मेहनतीला लिटरभरही पाणी देत नाही. जीव वाचवायला पुरे, ट्रॉलरच्या स्वयंपाकघराला नाही. बॅटरीवरची छोटी यंत्रे तासाला पाच-सहा लिटर देतात. तीही बंदरात चालवू नयेत, कारण धक्क्यालगतच्या पाण्यावरचे डिझेल आणि तेल पडदा कायमचा बिघडवते. क्लोरीननेही तो खराब होतो, म्हणून धुण्याचे पाणी क्लोरीनमुक्त हवे. यंत्र काही दिवस बंद राहणार असेल तर ते गोड्या पाण्याने धुवावे, आणि जास्त काळ राहणार असेल तर पडद्यात जंतुरोधक द्रावण भरून ठेवावे.