खिशांतला कॅमेरा आणि चिंचोलीचे मोर

शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली येथें मोर दिसतात ते बहुधा पहांटे वा सायंकाळीं, उजेड मंद असतांना. खिशांत मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची खरी परीक्षा तेव्हांच होते. त्यांतील प्रकाशग्राही पटल बहुधा ६ × ४.५ मिलिमीटरचें, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या सुमारें तिसाव्या हिश्शाएवढें. त्यावर ठिपके जितके दाटीनें बसवावे, तितका प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश कमी. म्हणून मेगापिक्सेलच्या आंकड्यास भुलूं नये. भिंगाचा ऑप्टिकल झूम पाहावा. डिजिटल झूम हा निव्वळ कातरीचा खेळ! दौंडपुढें भिगवणला, उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यांत येणारे रोहित तर तीरापासून दूरच उभे असतात. फ्लॅशचा उजेड तेथवर पोंचत नाहीं. तो बंद ठेवावा. कोपर बरगड्यांशीं टेकवून, बटण अर्धें दाबून, प्रतिमा स्पष्ट झाल्यावर हलकेच पुरें दाबावें. लागोपाठ तीन-चार छायाचित्रें घ्यावींत. येथें फिल्मचा खर्च नाहीं.