कौटुंबिक धर्मादाय न्यास : दान आणि त्याची नोंद

श्रावस्तीच्या अनाथपिण्डिकाने जेत राजकुमाराचे उपवन मोल देऊन घेतले व तेथे विहार उभारला. या जेतवनाचे आता काय करावे, असे त्याने विचारले असता, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या भिक्खुसंघासाठी ते अर्पण करावे, असे भगवान बुद्धांनी सांगितल्याची नोंद विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. अजून न आलेल्यांचाही हक्क दानात मानला जावा, हा त्यातील आशय होय. आजच्या सार्वजनिक न्यासाची कल्पना त्याच्या जवळची आहे.

आपल्यातील अनेक कुटुंबे आईवडिलांच्या स्मृत्यर्थ वाचनालय किंवा अभ्यासिका सुरू करतात. हेतू उदात्त असतो. परंतु जागा सातबाऱ्यावर दात्याच्याच नावे राहते. त्याच्या निधनानंतर तेथे वारसांची नावे लागतात आणि ज्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका उभी राहिली, त्यांचे तेथे बसणे वारसांच्या मर्जीवर अवलंबून राहते.

म्हणून प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. मुलाबाळांच्या निर्वाहासाठी केलेला न्यास खासगी असून त्यास १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. लाभ सर्वसाधारण जनतेस वा तिच्यातील एखाद्या वर्गास व्हावयाचा असेल, तर तो सार्वजनिक न्यास होय. महाराष्ट्रात त्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो.

न्यासपत्रात उद्दिष्टे, मालमत्तेचे वर्णन, विश्वस्तांची संख्या व मुदत, रिक्त जागा भरण्याची रीत आणि हिशेबाची पद्धत स्पष्ट लिहावी. जमीन वा घर दान द्यावयाचे असल्यास बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे व त्यानंतर सातबाऱ्यावर न्यासाचे नाव लावून घ्यावे. न्यास स्थापन झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीसाठी अर्ज करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे.

नोंदणीने जबाबदारी संपत नाही. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल कळवावा लागतो. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. हे बंधन जाचक वाटेल. पण दात्याच्या पश्चात त्याचे दान राखणारे तेच आहे. आयकरातील सवलतीसाठी निराळी नोंदणी लागते आणि न्यासाचे उत्पन्न संस्थापकाच्या वा त्याच्या आप्तांच्या लाभासाठी वापरल्यास ती सवलत गमवावी लागते.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. सर्व विश्वस्त एकाच घरातील नसावेत. एखादा शिक्षक, हिशेब जाणणारी एखादी व्यक्ती आणि वस्तीतील एखादी कर्ती स्त्री यांना मंडळात आवर्जून स्थान द्यावे. घरातील मतभेद न्यासात शिरले, तरी अभ्यासिकेचे दार उघडे ठेवणारे कोणीतरी असले पाहिजे.