पिवळे पडलेले थर्माकोलचे विमान

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. इकडे कोयना धरणाच्या कामाच्या दिवसांत कराडजवळ धावपट्टी झाली. तेव्हा विमानाचे कौतुक आपल्या सातारा-सांगलीकडे जुनेच म्हणायचे. आजही शाळाशाळांतली मुले थर्माकोल कापून, पंख जोडून विमान तयार करतात. विज्ञान प्रदर्शनात ते मिरवते आणि मग कपाटावर जाऊन बसते. दोन-तीन वर्षांनी पाहावे तो पांढरेशुभ्र विमान हळद लावल्यासारखे पिवळे! शिपाई विचारतो, “गुरुजी, टाकून देऊ का?” टाकायची घाई करू नये. हे का होते आणि त्यावर इलाज काय, ते आज पाहू.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे फुगवलेले दाणे. चुरमुरा जसा फुलतो, तसे हे दाणे वाफेने फुलवून एकमेकांना चिकटवलेले असतात. शंभर भाग थर्माकोल घेतले तर त्यात पंचाण्णवच्या वर भाग नुसती हवा. म्हणून ते इतके हलके.

आता पिवळेपणाचे कारण. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात; हे किरण त्या तोडतात. तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन जाऊन चिकटतो. त्यातून जे नवे पदार्थ होतात ते प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात. निळा गेला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. म्हणजे हा डाग बाहेरून लागलेला नव्हे. प्लास्टिकच बदललेले असते. आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे की पांढऱ्या कपड्याला हळद लागली तर तो उन्हात वाळवावा, डाग उडतो. उन्हाने हळदीचा रंग मोडतो. थर्माकोलचे उलट, उन्हानेच त्याला रंग चढतो. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतले कडक ऊन ध्यानात घ्या, म्हणजे हे काम किती झपाट्याने होत असेल ते कळेल.

यात दिलाशाची गोष्ट एवढीच, की बदल वरच्या पातळ थरातच होतो. पंखाचा कोपरा नखाने किंचित उकरून पाहावा. आत पांढरे दाणे दिसतील. म्हणून पहिला इलाज अगदी साधा. सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ फडके पिळून विमान हलक्या हाताने पुसावे. वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर, अजिबात जोर न देता, एकाच दिशेने फिरवावा. पिवळी भुकटी निघून जाते. मात्र तोंडाला रुमाल बांधावा आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

विमान नाजूक असेल, किंवा विकत आणलेले, चिवट फोमचे आणि गुळगुळीत असेल, तर घासून चालत नाही. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. जखम धुण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळते तेच. बाटलीवर बहुधा “२० व्हॉल्यूम” असे लिहिलेले असते. याचा अर्थ, एक माप औषधातून वीस मापे ऑक्सिजन वायू निघतो. म्हणजेच ते सुमारे ६ टक्क्यांचे असते. हे औषध आणि ऊन एकत्र आले, की पिवळा रंग देणारे ते पदार्थ मोडतात. ज्या उन्हाने बिघडवले त्याच्याच मदतीने सुधारायचे, असा हा प्रकार आहे.

कृती अशी. आधी मोटार, बॅटरी, तारा काढून घ्याव्यात. रंगीत पट्ट्या झाकाव्यात, कारण औषधाने त्यांचाही रंग उडतो. पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून सगळीकडे सारखा फिरवावा आणि वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद सैल लपेटावा, म्हणजे ते लवकर वाळणार नाही. हिवाळ्यातले सकाळचे ऊन उत्तम. तासाभराने पाहावे, वाळले असल्यास पुन्हा लावावे, बाजू पालटावी. एके जागी वाळले आणि दुसऱ्या जागी ओले राहिले तर पट्टे उठतात. संध्याकाळी स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. एका दिवसात भागले नाही तर दोन-तीन दिवस हेच करावे. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर मात्र विमान ठेवू नये. सुमारे ८० अंशांच्या पुढे थर्माकोल आकसू लागते, मग पंख सरळ होत नाही.

हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांच्या हाती देऊ नये. हातमोजे आणि चष्मा घालावा. केस रंगवण्याच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचे मलम मिळते, ते १२ टक्क्यांचे असते. त्याने कातडी भाजते, डोळ्याला तर फारच अपाय होतो. शाळेत ते आणूच नये. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत घट्ट बुच मारून ठेवू नये. आत वायू साठून बाटली फुटू शकते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विमान पांढरे झाले म्हणजे ते पूर्वीसारखे बळकट झाले, असे नव्हे. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत, आणि ऊन लागत राहिले तर पिवळेपणाही परत येतो. बोटाने दाबताच दाणे सुटत असतील, तर ते विमान उडवू नये. वर्गात टांगून ठेवावे. एरवी पांढरे झाल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. तो उन्हाला आडवा येतो. तेलरंग, थिनर, फवाऱ्याचा डबा यांपासून दूर राहावे, त्यांनी थर्माकोल विरघळते. चिरा पडल्या असतील तर पांढरा फेविकॉल बरा. विमान सुती कापडात गुंडाळून बंद कपाटात ठेवावे. कपाटात डांबरगोळ्या टाकू नयेत; त्यांच्या वाफेनेही थर्माकोल खचते.

विद्यार्थ्यांसाठी यातून एक प्रयोग निघतो. थर्माकोलचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका. एक गच्चीवर ठेवा, दुसरा खिडकीच्या काचेआड. महिन्याभराने पुठ्ठा काढा. उघड्या-झाकल्या भागांतला आणि त्या दोन तुकड्यांतला फरक मुलांनीच वहीत लिहावा. काच काही किरण अडवते, सगळे नाही, हे न सांगता कळेल.

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलची ताटे-वाट्या आणि सजावटीचे सामान यांवर बंदी घातली, कारण ते मातीत कुजत नाही आणि जाळले तर काळा, घातक धूर होतो. अशा वेळी शाळेत आहे ते विमान जपणे हेच शहाणपणाचे. शिपायाने विचारले तर सांगावे, “टाकू नको. उद्या सकाळी ऊन आले की अंगणात आण.”