हाताची सवय

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून एका जुन्या सहकाऱ्यानं मला विचारलं, "काय हो सर, कान्टवरून थेट झबल्या-टोपड्यांवर?" म्हटलं, बसा तर खरं. गेल्या वर्षी आमच्या घरात जो वाद झाला, तो मी वर्गात शिकवलेल्या कितीतरी वादांपेक्षा अवघड निघाला.

नात झाली. सूनबाई तिला एका लांब कापडात बांधून, छातीशी घेऊन घरभर वावरायच्या. आमच्या घरच्या मंडळींचं म्हणणं, "अगं, हाताची सवय लागेल. मग खाली ठेवूच देणार नाही." हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकानं ऐकलेलं आहे. निम्म्यांनी म्हटलेलंही असेल. (हशा)

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला खोड असते, तो शब्दाला धरतो. सवय म्हणजे काय? जी आधी नव्हती आणि पुन्हापुन्हा केल्यानं जडली, ती. चहाची सवय असते. पण तहानेला आपण पाण्याची सवय म्हणत नाही, कारण ती मुळातच होती. मग प्रश्न असा की बाळाला अंगाशी राहणं चहासारखं आहे की पाण्यासारखं?

चहासारखं, असं ठामपणे सांगणारे मोठे लोक होऊन गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं आणि आयांना बजावलं की मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका. त्या काळात हे शास्त्र म्हणून खपलं.

दुसरी बाजू प्राणिशास्त्रातून आली. सशीण पिल्लांना बिळात ठेवून जाते, दिवसातून साधारण एकदा येऊन पाजते. तिचं दूध घट्ट असतं, पिल्लांना तेवढं पुरतं. घोड्याचं शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहून आईमागे चालू लागतं. माणसाचं पिल्लू या दोन्हींत बसत नाही. त्याला चालता येत नाही, आणि आईचं दूध पातळ असल्यामुळे दर थोड्या वेळानं प्यावं लागतं. बेर्नहार्ड हासेनश्टाइन या जर्मन जीवशास्त्रज्ञानं १९७० मध्ये अशा पिल्लांसाठी 'ट्राग्लिंग' हा शब्द काढला. म्हणजे 'वाहून नेलं जाणारं पिल्लू'. तुम्ही स्वतः बघा, बाळाला काखेत धरून उचललं की ते पाय पोटाशी घेतं आणि थोडे फाकवतं. ही कडेवर बसायची तयारी आहे. ती त्याला कोणी शिकवलेली नाही.

माँट्रियलमध्ये १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ९९ आया आणि त्यांची बाळं होती. एका गटाला सांगितलं, बाळ रडो वा न रडो, रोज किमान तीन तास जास्त उचलून घ्या. सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडणं ऐन भरात असतं तेव्हा, त्या गटातली बाळं ४३ टक्के कमी रडत होती. मात्र इथेच हुरळून जाऊ नका. त्याच संशोधकांपैकी एकानं नंतर कॉलिकनं तासन्‌तास रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला. तिथे तो चालला नाही. तेव्हा तुमचं बाळ कडेवरही रडत असेल तर ती आईची चूक नाही, हे घरातल्यांनी लक्षात ठेवावं.

२०१३ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की बाळाला घेऊन नुसतं बसण्यापेक्षा घेऊन चाललं की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हातपाय शांत होतात. आपल्या आज्यांना हे माहीत होतं, फक्त ठोके मोजलेले नव्हते.

हे सगळं मी घरी मांडलं, आणि जिंकलो असं वाटलं. मग एके दुपारी नातीला स्वतःच बांधून घेतलं आणि आरामखुर्चीत वाचत बसलो. ती तीन महिन्यांची. गाढ झोपली होती. सूनबाई आल्या, वाकून बघितलं आणि काही न बोलता बोटानं तिची हनुवटी वर केली. पोरीनं एक लांब श्वास घेतला. मी कापड सैल बांधलं होतं, बसल्यावर ती खाली सरकून दुमडली गेली होती. हनुवटी छातीला टेकली होती. माझं लक्ष पुस्तकात.

तान्ह्या बाळाची मान कच्ची असते, श्वासनलिका मऊ. हनुवटी छातीवर दाबली गेली की हवा अडते, आणि बाळ धडपडत नाही, आवाजही करत नाही. पिशवीसारख्या खोल झोळ्यांत याच कारणानं मुलं दगावल्यावर मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगानं इशारा दिला होता. चार महिन्यांखालच्या बाळांना जास्त धोका. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा सर्दीनं नाक चोंदलेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

म्हणून कॅरिअर निवडताना रंग आणि किंमत नंतर. आधी आपलं कडेवर घेणं आठवा, तोच नमुना. बाळ उभं, आपल्या अंगाला घट्ट. मान खाली घातली की त्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि टाळूची पापी घेता आली पाहिजे. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी जागा. बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर. पाय सरळ लोंबकळणारे अरुंद पट्टे खुब्याच्या सांध्यासाठी चांगले नाहीत. दुकानात बाहुलीवर दाखवतात त्याला भुलू नका, बाळाला घेऊनच जा.

नवजात बाळाला विणलेलं लांब सुती कापड उत्तम, पण ते बांधायला शिकावं लागतं. कडीतून ओढायची झोळी झटपट होते, फक्त भार एका खांद्यावर येतो. बकलवाल्याला कमरेचा रुंद पट्टा हवा, म्हणजे वजन कमरेवर जातं. आमच्या वयाच्या लोकांना तोच सोसतो. पाठीवर घेणं मान आणि बैठक पक्की झाल्यावर. तुम्ही म्हणाल, झाशीच्या राणीच्या पुतळ्यात पाठीशी मूल आहे. अहो, दामोदरराव दत्तक आला तेव्हाच चार-पाच वर्षांचा होता! (हशा)

आपल्या उन्हाळ्यात दोन अंगांची ऊब एकत्र येते, तेव्हा बाळाला एक झबलं कमी. गॅसपाशी उभं राहू नये, हातात गरम चहा नको. आणि स्कूटरवर अजिबात नाही. कॅरिअर चालण्यासाठी आहे, वाहनासाठी नाही.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: "आजोबांनी बांधावं का?" बांधावं. जिना उतरताना एक हात कठड्याला आणि एक बाळाच्या पाठीला. आणि वाचायला बसू नये. आमच्या घरी आता मला हनुवटी तपासून घेतल्याशिवाय नात मिळत नाही, आणि तपासणाऱ्या आमच्या सौभाग्यवतीच आहेत. पुढचा प्रश्न घेऊ.