आणखी एक वर्ष, पण कशासाठी?

‘नीट’चा निकाल लागतो आणि घराघरांत कुजबुज सुरू होते. गुण वाईट नसतात. पण सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतकेही नसतात. काका फोनवरून सांगतात, ‘‘रिपीट करू दे, पुढच्या वर्षी नक्की होईल.’’ शेजारच्या काकूंना वर्ष वाया जाण्याची काळजी. ज्याला परीक्षा द्यायची, ते लेकरू मात्र आतल्या खोलीत गप्प बसलेले असते.

ही परीक्षा कितीही वेळा देता येते. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे थांबायचे कुठे, हे नियम सांगत नाहीत. ते घरालाच ठरवावे लागते.

‘‘तीसच गुण कमी पडले, तेवढे सहज वाढतील,’’ हा हिशेब बहुतेक घरांत होतो आणि तो फसवा आहे. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मिळाले ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. मुले काही एका वर्षात मठ्ठ झाली नव्हती. प्रश्नपत्रिका अवघड निघाली होती. म्हणून गुणांपेक्षा क्रमांकाकडे पाहावे. आपल्या पुढे किती जण आहेत, हे तोच सांगतो.

मग उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची घेऊन मुलाबरोबर शांतपणे बसावे. चुकांच्या तीन याद्या कराव्यात. धडाच आला नव्हता, ती पहिली. येत होते पण घाईत चुकले, ती दुसरी. अंदाजाने ठोकले आणि चुकले, ती तिसरी. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक कापला जातो. म्हणजे घाईतल्या २० चुका सुधारल्या तर १०० गुण वाढतात, आणि ठोकलेले २० प्रश्न कोरे सोडले असते तरी २० गुण वाचले असते. दुसरी आणि तिसरी यादी लांब असेल तर आणखी एका वर्षाला अर्थ आहे. पहिलीच लांब असेल, अकरावीचे भौतिकशास्त्रच कच्चे असेल, तर तोच क्लास, त्याच नोट्स आणि तेच वेळापत्रक मुलाला पुन्हा तिथेच आणून सोडतील. यंदा नेमके काय बदलणार, याचे उत्तर आधी हवे.

आणखी एक गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही. मुलगा असेल तर ‘‘दे आणखी एक वर्ष’’. मुलगी असेल तर ‘‘बीएस्सीला घाला.’’ लातूरची खोली, खानावळ आणि क्लासची फी यांचा हिशेब भावासाठी एका मापाने होतो, बहिणीसाठी दुसऱ्या. याद्या तिच्याही तपासा. तिची दुसरी यादी लांब असेल, तर वर्षावर तिचाही तितकाच हक्क आहे. डॉक्टरकीच्या ३५-४० वर्षांत एक वर्ष फार मोठे नसते.

याउलट, आई-बापाचे राहून गेलेले स्वप्न पुरे करायला कुणी तिसऱ्यांदा बसत असेल तर तिथे थांबलेले बरे. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचे प्रवेशही ‘नीट’वरच होतात, नर्सिंग आणि फिजिओथेरपीही आहे. पण ‘काहीच नाही मिळाले म्हणून’ असे म्हणत मुलाला तिकडे पाठवू नये. त्या शब्दांचे ओझे ते मूल पुढे कित्येक वर्षे वाहते.

रिपीट करायचे ठरलेच, तर किती वेळा, हेही त्याच दिवशी ठरवून टाकावे. दिवाळीच्या सुमारास सराव परीक्षांतल्या चुका पुन्हा त्या तीन याद्यांत मांडून पाहाव्यात. मधल्या काळात झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे बंद झाले, तर गुणांची चौकशी थांबवून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. परीक्षा पुढच्या वर्षीही असणारच आहे.