लोकल लेट, ग्राफ राइटला!

अकरावीतला तो तास आठवतोय? फळ्यावर एक्स स्क्वेअरचा ग्राफ, मस्त वाटीसारखा. सर विचारतात, 'एक्सच्या जागी एक्स मायनस तीन लिहिलं तर वाटी कुठे सरकेल?' मायनस म्हणजे डावीकडे, असं आपण फुल कॉन्फिडन्सने सांगतो. उत्तर निघतं, उजवीकडे. का? तर 'कंसाच्या आत असलं की उलटं होतं, एवढं लक्षात ठेवा.'

मी लक्षात ठेवलं, मार्क मिळवले आणि बारावीनंतर मॅथ्सला टाटा करून मास मीडियाला आले. परवा अकरावीतल्या धाकट्या भावाने तोच प्रश्न विचारला. मीही तेच वाक्य त्याला ऐकवलं. तो म्हणाला, ''ताई, हे आमच्या सरांनीपण सांगितलं. पण का?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू? 'मॅथ्स आपल्याला झेपणारं नाही' हे मी ठरवलं, ते याच प्रश्नापाशी.

उत्तर सापडलं ते वहीत नाही, प्लॅटफॉर्मवर. 'गाडी दहा मिनिटं उशिराने धावत आहे' ही अनाउन्समेंट ऐकताना.

समजा, टाइमटेबलप्रमाणे तुमची लोकल ८.०० ला डोंबिवली आणि ८.२० ला ठाण्याला असते. हे टाइमटेबल म्हणजे एक फंक्शन. वेळ आत टाका, गाडी कुठे आहे ते बाहेर येतं. त्याला एफ(टी) म्हणू. आज गाडी दहा मिनिटं लेट आहे. मग ८.३० ला ती कुठे असेल? तुम्ही मनात काय करता? ८.३० मधून दहा वजा करता, टाइमटेबलमध्ये ८.२० बघता आणि म्हणता, ठाण्याला. म्हणजे आजची गाडी झाली एफ(टी − १०). मायनस आलं ना? पण ग्राफवर प्रत्येक स्टेशन दहा मिनिटं पुढे गेलं, म्हणजे उजवीकडे. 'उलटं' काहीच झालेलं नाही. लेट झालेल्या गाडीसाठी जुनं टाइमटेबल वापरायचं, तर घड्याळातून दहा मिनिटं काढावीच लागतात.

इथेच सगळी गोम आहे. कंसाबाहेरचा बदल उत्तरावर होतो, कंसाच्या आतला बदल प्रश्नावर. परीक्षेत सगळ्यांना पाच ग्रेस मार्क दिले, तर उत्तर आल्यावर पाच मिळवले. ग्राफ सरळ पाचने वर. कंसाच्या आत मात्र आपण उत्तराला हातच लावत नाही, फक्त टाइमटेबलमधली कुठली वेळ बघायची ते बदलतो.

आता व्हॉट्सॲपवरची मैत्रिणीची चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट घ्या. तुम्ही ती टू एक्सवर ऐकता, म्हणजे एफ(२टी). दोनने गुणलं म्हणून ग्राफ दुप्पट रुंद होतो का? नाही, अर्धा होतो. चाळिसाव्या सेकंदाचं वाक्य विसाव्या सेकंदालाच येतं. व्हॉल्यूम वाढवला, तर बदल बाहेरचा. लाटा तेवढ्या उंच होतात, नोटची लांबी तीच. आणि नॉइज कॅन्सलेशनवाले हेडफोन? ते बाहेरचा आवाज माइकने टिपतात आणि त्याचीच उलटी लाट, म्हणजे मायनस एफ(टी), कानात सोडतात. वर गेलेली लाट आणि तेवढीच खाली गेलेली लाट एकत्र आल्या की आवाज बराचसा गायब. ग्राफ एक्स-अक्षात पालथा घालणं हा नुसता परीक्षेतला प्रश्न नाही, तुमच्या कानात रोज चालतो.

एक सापळा मात्र जपा. एफ(२टी − १०) हा ग्राफ आधी अर्धा केला, तर मग किती सरकवायचा? दहा म्हणाल, तर मार्क गेले. आतला भाग शून्य कधी होतो ते बघा: टी पाच असताना. म्हणजे पाचच. वाटीचंही तसंच. एक्स मायनस तीन शून्य होतं एक्स तीन असताना, म्हणून वाटीचा तळ तीनवर. 'आत उलटं' पाठ करण्यापेक्षा 'आतलं शून्य कधी?' एवढं विचारा. पटत नसेल तर डेस्मॉस हे फुकट ग्राफिंग टूल मोबाइलवर उघडा, तीनच्या जागी अक्षर टाका आणि त्याचा स्लायडर सरकवून बघा.

पण मॅथ्स सोडलेल्या माझ्यासारखीला याचं काय? २०२० मधलं 'फ्लॅटन द कर्व्ह'चं चित्र आठवा. एक उंच टोकदार डोंगर, एक बुटका पसरट, आणि मध्ये हॉस्पिटलांच्या क्षमतेची आडवी रेष. सोपं करून सांगायचं, तर पसरट डोंगर म्हणजे अर्धा गुणिले एफ(टी भागिले दोन). उंची निम्मी, रुंदी दुप्पट. दोन्ही डोंगरांखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण पेशंट, तेवढेच. तरीही बेड मिळणं न मिळणं त्या उंचीवर अवलंबून होतं. ते चित्र मी तेव्हा शेकडो वेळा फॉरवर्ड केलं असेल. त्यातला अर्थ मला आत्ता वाचता आला.

म्हणून, 'पण का?' विचारल्यावर तुम्हाला कुणी 'लक्षात ठेव' म्हणालं असेल, तर ढ तुम्ही नव्हतात. प्रश्न बरोबर होता, उत्तर अर्धं मिळालं होतं.

भावाला लोकलची गोष्ट सांगितली. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, ''आणि गाडी कॅन्सल झाली तर?''

''मग फंक्शन डिफाइन्डच नाही,'' मी म्हटलं. ''रिक्षा बघायची.''