सुटलेले गाव आणि उरलेली जबाबदारी

कोकणातील बौद्ध समाजाचा फार मोठा भाग आज आपल्या मूळ गावी राहत नाही. तो मुंबईत आहे, ठाणे-कल्याणकडे आहे, आणि गेल्या काही वर्षांत दिव्यासारख्या ठिकाणी त्याची वस्ती दाट झाली आहे. तरीही या समाजातील कोणाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले तर ‘दिव्याचा’ असे उत्तर मिळत नाही. महाड, पोलादपूर, खेड, मंडणगड यांपैकी एखाद्या तालुक्याचे आणि त्यातील एखाद्या गावाचे नाव सांगितले जाते. दिव्यात जन्मलेली, वर्षातून चार दिवस गावी जाणारी मुलेही हेच उत्तर देतात. ज्या गावाने आमच्या आजा-पणज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाचे नाव आम्ही आपली ओळख म्हणून का सांगतो? आणि त्या गावाचे आम्ही काही देणे लागतो काय? हे प्रश्न केवळ भावनेवर सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांची रोखठोक मांडणी झाली पाहिजे.

मी स्वतः याच वर्गातला आहे. माझे आजोबा महाड तालुक्यातील एका बौद्धवाडीतून परळच्या गिरणीत आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. वडिलांनी हमाली केली, पुढे दिव्यात एका खोलीचे घर घेतले. घरात पहिला पदवीधर मी. आज महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या पुष्कळ मुलांची कहाणी नावे बदलून हीच आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांत फारसे अंतर नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सवर्ण चाकरमान्याने गाव सोडणे आणि आम्ही गाव सोडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दोघांनाही पोटाने हाकलले हे खरे. पण आमच्यामागे वेठबिगार होती, वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबणे होते, खोताची सत्ता होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक आणले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोतीविरुद्धचे विधेयक मांडले, ते याच जाचातून माणूस मोकळा व्हावा म्हणून. गाव सोडणे हा आमच्या माणसांचा पहिला नकार होता. मुंबईने तरी त्यांना सुखाने घेतले असे नाही. गिरणीत धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे; त्यामुळे विटाळ होतो या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. पण गिरणीच्या भोंग्याला जात नव्हती आणि पगाराच्या दिवशी जोहार घालावा लागत नव्हता, एवढ्यानेही माणूस ताठ उभा राहू शकला.

बाबासाहेबांना गावाविषयी कोणताही भ्रम नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी गावाला संकुचितपणाचे व जातीयतेचे आगर ठरवले आणि घटनेचा घटक म्हणून व्यक्ती स्वीकारली, याचे समाधान व्यक्त केले. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती. मात्र याच बाबासाहेबांचे आडनाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावावरून आलेले आहे. ते जन्मले महूच्या लष्करी छावणीत, वाढले दापोली, सातारा, मुंबई येथे. आंबडव्याला त्यांचे आयुष्य घडले नाही. गाव मागे पडते, पण माणसाच्या नावाला ते चिकटून राहते. हा विरोधाभास आम्हा साऱ्यांच्या वाट्याला आलेला आहे.

दिवा स्टेशनात तो उघड दिसतो. येथून सावंतवाडी आणि रत्नागिरी पॅसेंजर सुटतात व पनवेलमार्गे कोकणात उतरतात. गणपतीत आणि शिमग्यात या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. शिमग्याला निघालेल्या माणसाच्या दारात ग्रामदेवतेची पालखी येणार असते. मानपानात त्याच्या घराची जागा ठरलेली असते. आमच्या दारात पालखी कधी थांबली नाही, आणि १९५६च्या धर्मांतरानंतर तिची वाट पाहणेच आम्ही सोडून दिले. आमची माणसे जातात ती बुद्धपौर्णिमेला, एप्रिल-मे महिन्यांत भीमजयंतीच्या मिरवणुकीला, मुलांच्या सुट्टीत. गाडी एकच, डबा एकच. पण वीर स्टेशनात उतरल्यावर वाटा फुटतात. एक वाट गावात जाते, दुसरी वाडीत. म्हणून मी म्हणतो, आमचे नाते गावाशी नाही; ते वाडीतल्या माणसांशी आहे, आणि गावाने नाकारलेल्या आमच्या वाट्याशी आहे. नाते मायेचे कमी आणि हिशेबाचे जास्त आहे. हिशेब या शब्दाने कोणी दचकू नये. ज्याचा हिशेब पुरा झालेला नाही, ते विसरण्याची मुभा आपल्याला नाही.

शासनही ते विसरू देत नाही. दिव्यातील बौद्ध विद्यार्थ्याला जातीचा दाखला हवा असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वी त्याचे पूर्वज महाराष्ट्रात कोठे राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर ठीक. पण आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग तहसील कचेरीत जाऊन जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुकाचा उतारा, काढावा लागतो. त्या जीर्ण पानावर मोडीत लिहिलेल्या नावापुढे जात लिहिलेली असते. १९९० साली संसदेने घटनेच्या आदेशात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती दिल्या. परंतु त्या मिळवण्यासाठी जी जात आपण टाकून दिली, तीच जुन्या कागदातून उकरून काढावी लागते. माझ्या महाविद्यालयात दर जूनमध्ये अशी मुले येतात. त्यांना गाव ठाऊक नसते, भावकीतले कोणी ठाऊक नसते, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असते. ज्याच्या घरच्यांनी गावाशी संबंध ठेवला त्याचे काम निभावते. ज्याच्या घरच्यांनी तो तोडला, त्याच्या मुलाचे एक वर्ष जाते. गावाशी असलेल्या नात्याचा हा अगदी रोकडा अर्थ आहे.

दुसरा अर्थ जमिनीचा. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वतनी जमीन ठराविक रक्कम भरून पुन्हा धारकाच्या नावे होत असे. ज्यांना ती रक्कम वेळेत भरता आली नाही, त्यांची जमीन सरकारजमा झाली. ज्यांची राहिली, ती बहुधा अशा शर्तीवर की जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतर होऊ नये. तोकडी असेल, डोंगरउताराची असेल; पण सातबाऱ्यावर आपल्या माणसाचे नाव असलेला तो कोकणातला एवढाच तुकडा. आज पुष्कळ सातबाऱ्यांवर मेलेल्या पणजोबाचे नाव आहे, कारण मुंबईकरांनी वारसनोंद केलेली नाही. महामार्ग रुंदावतो आहे, जमिनीचे भाव चढताहेत, आणि दलाल वाडीतल्या एखाद्या गरजू भावाला गाठून अंगठा घेतो. मग दिव्यात बसून आपण हळहळतो.

वारसनोंदीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बौद्धांनाही हिंदू वारसा कायदाच लागू आहे, आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरी नोंद करण्याची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची घाई आपल्याकडे होते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आणि खाली बहिणीचा अंगठा, हे चित्र मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता मुंबई मंडळांकडे वळू. प्रत्येक वाडीची एक मुंबई शाखा व एक ग्रामीण शाखा असते. वर्गणी असते, अध्यक्ष-चिटणीस असतात, वर्षाची सभा असते. या मंडळांनी केलेले काम थोर आहे. लग्न, पुण्यानुमोदन, आजारपण यांत माणूस एकटा पडला नाही तो मंडळांमुळे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीला महापूर आला, महाड बुडाले. तेव्हा दिव्या-कल्याणहून धान्य, चादरी, औषधे घेऊन आधी पोचली ती अशीच माणसे. परंतु मंडळांच्या कारभारात एक विकृती शिरली आहे. पैसा मुंबईचा म्हणून निर्णयही मुंबईचा. वाडीतली विहीर फेब्रुवारीत आटते आणि मुंबई शाखा विहारासमोर कमान बांधायचा ठराव करते. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गाड्या भरून मतदार जातात. कायद्याप्रमाणे माणसाचे नाव एकाच ठिकाणच्या यादीत असावे लागते, तरी ते सोयीने गावीच ठेवलेले असते. पाच वर्षे जे तेथे राहणार, त्यांच्यावर एका दिवसासाठी आलेले लोक आपला माणूस लादतात. हे गावकीचेच राज्य झाले. फक्त त्याची गादी दिव्याला आली एवढेच.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे समजू नये. आफ्रिकेतील सोमालिया या देशाकडे पाहावे. जानेवारी १९९१ मध्ये तेथील सियाद बारेची राजवट कोसळली आणि यादवीमुळे लाखो लोक केनिया, येमेन, ब्रिटन, कॅनडा, अमेरिका असे विखुरले. हे परागंदा लोक आजही घरी पैसे पाठवतात, आणि त्या व्यवस्थेला आपल्याकडच्यासारखेच हवाला हे नाव आहे. त्यांच्या मदतीने बोरामा येथे १९९८ मध्ये अमूद विद्यापीठ उभे राहिले. मातृभूमीचे ऋण फेडावे कसे, याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते खोटे नाही.

पण दलित वाचकाने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: हा पैसा कोणाच्या घरी पोचतो? सोमाली समाज कुळांत विभागलेला आहे आणि पैसा कुळाच्या वाटेने वाहतो. त्या समाजात चामड्याचे काम करणारे मिदगान, लोहारकाम करणारे तुमाल, ताईत-मंत्र करणारे यिबिर असे हीन मानले गेलेले गट आहेत. धर्म एक, भाषा एक, तरी वरची कुळे त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. जुबा नदीच्या काठी शेती करणारे बांटू लोक तर बहुतांशी गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. यादवीत त्यांना ना कुळाचे संरक्षण होते, ना परदेशात धनको नातेवाईक. २००० साली सत्तेच्या वाटपाचे सूत्र ठरले ते साडेचाराचे: चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या साऱ्यांना मिळून अर्धा. हा अर्धा वाटा आपल्याला ओळखीचा वाटतो, त्याला स्पष्टीकरण लागत नाही. अमेरिकेत आसरा मिळालेल्या बांटू माणसाला ‘तुझ्या मातृभूमीसाठी काय करणार?’ असे विचारणे म्हणजे आम्हाला गावाच्या जत्रेची वर्गणी मागण्यासारखे आहे.

यातून निघणारा धडा मात्र आपल्यालाही बोचणारा आहे. मदत नात्याच्या वाटेने वाहू लागली की ज्याला नातेवाईक नाही तो कोरडा राहतो. आमच्या वाडीत ज्या विधवेचे मुंबईत कोणी नाही तिचा वाटा कोणता? आणि वाडीच्या पलीकडे कातकऱ्यांची झोपडी आहे. रायगड जिल्ह्यात कातकरी वीटभट्टीवर व कोळसा पाडायला अर्धे वर्ष घराबाहेर असतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या झोपडीखालची जमीनही त्याच्या नावावर नसते. तोही परागंदाच आहे. पण त्याला मंडळ नाही, मुंबई शाखा नाही. आमच्या जबाबदारीची हद्द वाडीच्या हद्दीपाशी संपत असेल तर गावकुसाची भिंत आम्ही आमच्या मनातही बांधून घेतली, असे म्हणावे लागेल.

तेव्हा आपली जबाबदारी नेमकी कोणती? माझ्या मते ती चार कामांत सांगता येईल. एक, प्रत्येक मंडळाने वाडीतील घरोघरचे जुने उतारे, दाखले आणि वंशावळी एकत्र करून ठेवाव्यात, म्हणजे एकाही मुलाचे वर्ष वाया जाणार नाही. दोन, वारसनोंदी पूर्ण कराव्यात आणि त्यांत बहिणींची नावे लावावीत. तीन, वर्गणी मुंबईची असली तरी ती कशावर खर्चावी याचा ठराव वाडीत राहणाऱ्यांच्या सभेत व्हावा, त्या सभेत बायका बसाव्यात आणि बोलाव्यात. चार, ज्याचे कोणी नाही त्याचा वाटा आधी काढावा, मग तो कातकरी असला तरी.

राहता राहिला दिव्याचा प्रश्न. जेथे आपण पाणी भरतो, लोकलला लोंबकळतो, मुले शाळेत घालतो, ते ठिकाणही आपले आहे. गाव आपले म्हणून दिव्याच्या नळाबद्दल गप्प बसणे आणि दिव्यात स्थिरावलो म्हणून वाडीच्या विहिरीकडे पाठ फिरवणे, दोन्ही पळवाटाच आहेत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जमलेल्या माणसांत मुंबईहून गेलेले होते आणि आसपासच्या खेड्यांतून पायी आलेलेही होते. पाणी दोघांनी मिळून ओंजळीत घेतले. मुंबईकर कोण आणि गावकर कोण, हा भेद त्या दिवशी कोणी केला नव्हता. तो आपण नंतर केला आहे, आणि तो मोडणे आपल्याच हाती आहे.